नाथानचा बाप

२० फेब्रुवारी २०१७, सोमवार. बुकित बातोक

फ्लॅट चांगला आहे, भरपूर उजेड आहे, खिडकीतून टेकडीवरची झाडं दिसतात. प्रणिताने माझ्यासाठी खिडकीपाशी टेबल मांडलं आहे. लिहायला न बसण्याचं एकही कारण तिने शिल्लक ठेवलेलं नाही. तरी पुण्याहून परदेशी लेकीकडे येऊन आठवडा झाला आणि एकच परिच्छेद झाला. तोही आज सकाळी खोडला.

नव्या कादंबरीतला सोपाऱ्याचा व्यापारी जहाजात चढायला तयार नाही. इसवी सनाचं पहिलं शतक, मोसमी वारे, मिरीची पोती, तांबड्या समुद्रावरची रोमन बंदरं, सगळी माहिती माझ्याकडे आहे. उभी हयात पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस, मला माहिती गोळा करता येते. माणूस मात्र उभा राहत नाही. पहिल्या दोन कादंबऱ्यांच्या वेळी असं झालं नव्हतं. प्रबोधला पुस्तक दिवाळीच्या आधी हवं आहे. प्रकाशकाचं काय, त्याने मुखपृष्ठसुद्धा ठरवलंय.

प्रणिता सकाळी लवकर युनिव्हर्सिटीत जाते. खारं पाणी गाळून गोडं करणाऱ्या पडद्यांवर तिचं संशोधन चालू आहे. पोरगी वाळली आहे, पण चेहरा शांत दिसतो. मला तो जरा परका वाटतो. लहानपणापासून ही माझ्यासारखी होती, सतत पाय हलवणारी.

काल रविवारी ती सकाळीच कसल्याशा ग्रुपला गेली. तिची आई सरोजिनीही बाजार बघून येते म्हणाली आणि तिच्याबरोबरच निघाली. दोघी थेट जेवणाच्या वेळेला परतल्या. इथला बाजार मोठा असावा. जेवायला आदल्या दिवशीचंच वरण होतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

सरळ लिहून टाकतो. प्रणिता ख्रिस्ती होणार आहे.

संध्याकाळी आम्हाला हॉकर सेंटरला घेऊन गेली. माझ्यासाठी डोसा आणला, आईसाठी नूडल्स, आणि समोर बसून म्हणाली, "बाबा, ईस्टरला माझा बाप्तिस्मा आहे. तुम्ही दोघं तिथे असावंत असं मला मनापासून वाटतं. परतीची तिकिटं थोडी पुढे ढकलता येतील. मी बघते सगळं."

आमची तिकिटं बारा एप्रिलची आहेत. ईस्टर सोळाला.

मी म्हणालो, "डोसा गार होतोय." एवढंच म्हणालो आणि खरोखरच डोसा खाल्ला. सरोजिनीने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. तिला धक्का बसलेला दिसला नाही. ती आहेच तशी. धक्का आत ठेवते, मग रात्री बाम लावते. आज बाम लावला नाही.

३ मार्च, शुक्रवार

मी स्वतः कधी देवापुढे हात जोडले नाहीत. घरात जे काही होतं ते सरोजिनी करते. मुंज, श्राद्ध, सत्यनारायण, सगळ्यावर मी उभं आयुष्य टीका केली. प्रणिता माझ्याच मांडीवर बसून ती ऐकत मोठी झाली. मग आता टोचतंय काय? तिने माझा देव सोडला असं म्हणायला माझ्याकडे देवच नाही.

एक शंका होती, ती आज विचारून टाकली. कोणी मुलगा आहे का? असेल तर मोकळेपणाने सांग, माझी हरकत नाही. हे मी अशा आवाजात विचारलं की ती हसायला लागली.

"नाही हो बाबा. असता तर तुम्हाला किती सोपं गेलं असतं ना?"

गेलं असतं. हे लिहायला लाज वाटते, पण गेलं असतं.

७ मार्च, मंगळवार

जुरोंग लेकवर जायला लागलो आहे. एमआरटीने दोन-तीन स्टेशनं. ठरवून दिलेल्या जागी म्हातारे गळ टाकून बसतात. कोणी कोणाशी बोलत नाही. एकाची बादली रिकामी होती आणि तो दर थोड्या वेळाने तिच्यात डोकावून बघत होता.

तिथे बाकावर बसलो असताना एकदम एलियाब दिसला. गालीलच्या सरोवराकाठचा, कफर्णहूम गावचा कोळी. काळ तोच, माझ्या व्यापाऱ्याचाच, फक्त समुद्राचं ते टोक. नासरेथचा एक तरुण उपदेशक गावोगाव बोलत फिरतो आहे आणि पोरं हातातलं काम टाकून त्याच्या मागे निघाली आहेत. गेलेल्यांच्या कथा जगाने सांगितल्या. पण जाळ्याचं दुसरं टोक ज्याच्या हातात राहिलं त्याचं काय? एलियाबचा एकुलता मुलगा नाथान एका सकाळी जाळं धुता धुता उठला आणि गेला. बापाला वाटलं, पाणी प्यायला गेला.

घरी येऊन सलग लिहीत बसलो. कितीतरी दिवसांनी हात दुखला. सोपारा बंद. प्रबोधला आत्ता काही कळवत नाही.

प्रणिताच्या प्रकरणाशी याचा संबंध नाही. विषय खरोखरच चांगला आहे.

१२ मार्च, रविवार

जोरात चाललंय. मग्दला गावात मासे खारवून रोमच्या बाजारात पाठवत, हेरोदाचे वसुलीवाले काठावर उभे राहून प्रत्येक टोपलीत हात घालत, हे सगळं आता सहज येतंय. एलियाब तापट आहे, कष्टाळू आहे, देवळाबिवळाच्या भानगडीत नसतो. नाथान जरा बावळट झाला आहे. असा पोरगा कुठल्याही गोड बोलणाऱ्याच्या मागे जाईल. तिर्सा, म्हणजे एलियाबची बायको, सोशिक आहे. दारात बसून मासे खारवते.

आज घरात दुपारपर्यंत शांतता होती. दोघी बाहेर होत्या. रविवार लिहायला उत्तम.

१९ मार्च, रविवार

लिफ्टमध्ये लिम आंटी भेटल्या. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, सत्तरीच्या पुढच्या, पण चालणं तुरुतुरु. प्रणिताचं त्यांच्याकडे बरंच जाणंयेणं आहे. हिला या चर्चची वाट दाखवणाऱ्या त्याच, हे मला आता कळलं आहे, त्यामुळे मी फक्त मान हलवली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अंकल, युअर वाइफ सिंग व्हेरी नाइस, लाह."

सरोजिनीचा आवाज चांगलाच आहे. सकाळी स्वयंपाकघरात भजनं म्हणते, ती खाली ऐकू जात असणार. तिला सांगितलं, जरा हळू म्हणत जा, इथे भिंती पातळ आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली.

२८ मार्च, मंगळवार. गुढीपाडवा

आजचा दिवस मी घालवला.

सकाळी उठलो तर प्रणिता बाहेर कॉरिडॉरच्या कठड्याला गुढी बांधत होती. लिटिल इंडियातून कडुलिंब आणला होता, साखरेच्या गाठी आणल्या होत्या, आईची जुनी जरीची साडी मागून घेतली होती. शेजारचं मलाय कुटुंब दारात उभं राहून कौतुकाने बघत होतं आणि ही त्यांना समजावून सांगत होती. मला ते बघवेना. मी विचारलं, आता हे कशाला?

"म्हणजे? पाडवा आहे ना, बाबा."

"तुझा कसा? तू तर निघालीस."

"मी पाडवा सोडतेय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

शेजारी होते, तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, तुला दोन्हीकडची गंमत हवी आहे. तुझ्या त्या कार्यक्रमाला मी येणार नाही. बाराला आम्ही दोघं ठरल्याप्रमाणे जाणार. तिने गाठी नीट बांधल्या, हात धुतले, रजा टाकली होती तरी बॅग उचलून लॅबमध्ये गेली. श्रीखंड तसंच राहिलं.

सरोजिनीने ताट वाढलं आणि म्हणाली, "आम्ही दोघं म्हणालात. मी जाणार नाहीये. व्हिसाची मुदत मी वाढवून घेतलीय."

मी विचारलं, कधी? ती म्हणाली, गेल्या आठवड्यात. तुम्ही लिहीत होता.

२ एप्रिल, रविवार

एलियाब मुलाला परत आणायला जातो, हे प्रकरण तिसऱ्यांदा लिहिलं. पहिल्यांदा त्याने नाथानच्या थोबाडीत मारली. दुसऱ्यांदा भाषण केलं. तिसऱ्यांदा गर्दीच्या कडेला उभा राहून परत आला. तिन्ही वेळा लाकडी झाला. त्याला तिथपर्यंत चालवत नेता येतं, पुढे त्याचे हात काय करतात ते मला दिसत नाही.

शेवटी सरोजिनीला वाचायला दिलं. माझं सगळं लेखन आधी ती वाचते. संध्याकाळी चष्मा काढून तिने विचारलं, "ही तिर्सा कुठे आहे?"

म्हटलं, घरी आहे.

"घरी काय करते?"

"मासे खारवते."

"पहिल्या पानापासून खारवतेय. तिचा मुलगा गेला, आणि ती मासेच खारवतेय?"

मी समजावलं की त्या काळच्या बाया अशा कुठेही जात नसत, शिवाय एलियाबसारखा नवरा तिला जाऊ देणार नाही. सरोजिनी म्हणाली, "त्याला विचारून नाही जायची. पण मुलाने काही खाल्लं का, हे बघायला जाईल. तुमच्या त्या एलियाबला पत्ताच नसेल."

चिडलो. तिला इतिहासाची जाण नाही, असं मनात म्हटलं. आता लिहिताना वाटतंय की पुरुषाला आपली बायको दिवसभर कुठे असते हे ठाऊक नसणं वाचकाला पटणार नाही.

९ एप्रिल, रविवार

दोघी गेल्यावर फिरायला बाहेर पडलो आणि दार मागे लागलं. किल्ली आत. सरोजिनी फोन उचलेना, प्रणिताचा बंद. बाजारात गेलो, मासळीच्या ओळीतून, भाजीच्या ओळीतून दोनदा फिरलो. सरोजिनी नव्हती. चर्चचा पत्ता प्रणिताने मागेच मेसेजवर पाठवला होता. किल्ली घ्यायची आणि दारातूनच परतायचं, असं ठरवून गेलो.

ते चर्चसारखं दिसतच नाही. बुकित बातोकच्या कारखान्यांच्या भागातली एक इमारत, खाली गाड्यांचं गॅरेज, ग्रीसचा वास, सामानाची लिफ्ट. वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, पडद्यावर गाण्याचे शब्द. दाराला काच होती. तिच्यातून आत पाहिलं.

प्रणिता कडेच्या खुर्चीवर होती. तिच्या शेजारी लिम आंटी. आणि लिम आंटींच्या शेजारी, निळी नारायणपेठ नेसून, उभी राहून गात होती सरोजिनी. डोळे मिटलेले नव्हते. पडद्याकडे बघून एकेक इंग्रजी शब्द नीट म्हणत होती, शाळेत पहिली येणारी मुलगी म्हणते तशी.

मी किल्ली मागितली नाही. खाली आलो आणि गॅरेजच्या बाहेर टायरच्या ढिगाशेजारी उभा राहिलो. एका मेकॅनिकने येऊन स्टूल दिलं. मी आजारी वाटलो असेन.

१० एप्रिल, सोमवार

प्रणिता कामावर गेल्यावर बोललो. खरं तर ओरडलो. सरोजिनी कणीक मळत होती, ती मळायची थांबली नाही.

तिने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी, माझी बायपास झाली त्याच महिन्यात, प्रणिताला इथे डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, हॉस्पिटलात ठेवलं. आईला फोन केला आणि बाबांना सांगू नकोस म्हणाली. सरोजिनी माझ्या पलंगाशी होती, तिला येता येईना. लिम आंटी तेव्हा हिच्या फारशा ओळखीच्याही नव्हत्या. पण त्या रोज डबा घेऊन गेल्या. भाताची पेज करायच्या, भरवायच्या आणि आईला व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. एकमेकींची भाषा धड येत नाही, तरी दोघी त्या वेळी रोज बोलल्या. पुण्यात हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून सरोजिनी बोलायची. मला वाटायचं, ती इन्शुरन्सवाल्याशी बोलते आहे.

"मी काही बाटले नाहीये," ती म्हणाली. "माझे देव माझ्यापाशी आहेत. पण पोरगी जिथे बसते तिथे तिच्या शेजारी जाऊन बसते. एवढंच."

"मला सांगितलं नाहीस."

"बाजारात जाते म्हटलं, तुम्ही बरं म्हणालात. रिकाम्या हाताने आले, तेही तुम्हाला दिसलं नाही. मी काय लपवलं?"

कणकेचा गोळा झाकून ठेवला तिने. मग हात धुऊन माझी बॅग भरायला घेतली. बाराच्या विमानासाठी. शर्ट, चष्मा, सकाळच्या गोळ्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. तिचा राग असता तर बरं झालं असतं.

११ एप्रिल, मंगळवार

प्रणिता आज लवकर घरी आली. माझ्या टेबलाच्या कडेवर बसली, पूर्वी परीक्षेच्या दिवसांत बसायची तशी. मी विचारलं, आजारी असताना कोणी पेज दिली म्हणून माणूस धर्म बदलतो का? लिम आंटींचे उपकार आहेत, मी त्यांच्या पाया पडेन. पण हे?

ती म्हणाली की पेजेसाठी नाही. बरी झाल्यावर आभार मानायला म्हणून त्या खोलीत गेली, मग जात राहिली. वर्षभर नुसती मागे बसायची. माझेच सगळे आक्षेप तिने तिथल्या पास्टरपुढे मांडले होते, माझ्याच शब्दांत. "तुमच्यापेक्षा जास्त कडक भांडले असेन. मग एक दिवस प्रार्थनेला बसले असताना मला वाटलं की मी एकटी नाहीये. बाबा, याच्या पुढे मला समजावता येत नाही. मी प्रयत्न केला, प्रयोगासारखा मांडून बघितला. येत नाही."

मला ते कळलं नाही. कळल्यासारखं मी दाखवलंही नाही.

उठताना म्हणाली, "तुम्ही उद्या जा, मी रागावणार नाही. फक्त लोकांना जमलं नाही असं सांगू नका. आवडलं नाही असं सांगा. ते मला चालेल."

तिकीट मीच बदललं, व्हिसाची मुदत वाढवायचा अर्जही केला. तिकिटाच्या एजंटने कारण विचारलं. घरगुती कार्यक्रम आहे, म्हणालो.

१४ एप्रिल. गुड फ्रायडे

सुट्टी. दोघी त्यांच्या प्रार्थनेला गेल्या. या वेळी सरोजिनी मला सांगून गेली.

तिर्साचं प्रकरण लिहिलं. एलियाब संध्याकाळी होडी लावून घरी येतो तर चूल थंड. शेजारीण सांगते, ती तर केव्हापासून जाते, भाकरी बांधून नेते, तिथल्या बायकांत तिला सगळे ओळखतात. एलियाब अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसतो. मीठ कुठल्या मडक्यात आहे हे त्याला माहीत नाही.

लिहिताना फार अस्वस्थ झालो. हे पान चांगलं आहे. चांगलं का आहे, हे मला मुळीच आवडलेलं नाही.

१६ एप्रिल, रविवार. ईस्टर

मला पटलेलं नाही. हे आधी लिहून ठेवतो.

ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर होतं. तिथे पोहोचेपर्यंत मला माहीत नव्हतं की हे लोक समुद्रात उतरून करतात. वाळूवर चटया, थर्मास, लहान मुलं. क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग नांगरून पडलेली. मी बुटांसकट झाडाखाली उभा राहिलो. जितकं मागे राहता येईल तितकं.

बाप्तिस्मा घेणारे चौघं होते. प्रत्येकाने आधी दोन शब्द बोलायचे. प्रणिता पांढऱ्या टी-शर्टमध्ये उभी होती, अगदी कॉलेजातली दिसत होती. इंग्रजीत बोलली, आणि शेवटी आमच्याकडे बघून मराठीत म्हणाली, "माझे बाबा हे काही मानत नाहीत. तरी ते आज आलेत." तेच मग तिने इंग्रजीत सांगितलं आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर केला, सभेत हजेरी देतात तसा.

मग ती पाण्यात गेली. एका बाजूला तरुण पास्टर, दुसऱ्या बाजूला लिम आंटी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली पण पाणी कमरेपर्यंत. मला वाटलं डोक्यावर पाणी शिंपडतील. त्यांनी तिचे खांदे धरले आणि तिला मागे वाकवून सबंध पाण्याखाली नेलं. तिचा चेहरा दिसेनासा झाला.

ते क्षणभरच असतं, हे मला नंतर सरोजिनीने सांगितलं. मला तो क्षण दिसला नाही. मी पाण्यात होतो. झाडापासून तिथवर कसा आलो ते आठवत नाही. बूट, पँट, सगळं मांडीपर्यंत भिजलेलं, आणि माझे दोन्ही हात पुढे.

प्रणिता वर आली होती, खोकत होती, हसत होती. पास्टर माझ्याकडे बघून दचकला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने मला हाताने जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "अंकल, यू ऑल्सो?"

"नो, नो," मी म्हणालो. "आय ॲम ओन्ली द फादर."

लिम आंटी एवढ्या हसल्या की त्यांनाच धरायची वेळ आली. काठावर सरोजिनी पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, ते इतक्या लांबून कळेना.

प्रणिता म्हणाली, "बाबा, मोबाईल खिशात आहे का?"

होता.

आम्ही काठाकडे निघालो. पाण्याखालची वाळू सरकत होती. मला काही वेगळं वाटलं नाही, आकाशातून काही उतरलं नाही. तिचं कोपर धरलं होतं, ते थंडगार होतं, आणि ती कुडकुडत मला काहीतरी सांगत होती. लाटांमुळे मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही. कोरड्या वाळूवर पोहोचल्यावर सगळे तिला मिठी मारायला पुढे आले, तरी मी ते कोपर सोडलं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, सोडा आता. टॉवेल घेऊ दे."